१४ महिने झाले, इलेक्ट्रिक छोटा ट्रक अजून आला नाही. थांबावं की बुकिंग काढून घ्यावं?

नमस्कार काका,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुमचं वय ७०, काकूंचं ६६. घर इंदूरच्या सुदामानगरला आणि खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे पेरूची बाग. माल तुम्ही स्वतः गाडी चालवून चोइथराम मंडीत नेता. सध्याची डिझेलची छोटी गाडी १३ वर्षांची आहे. १४ महिन्यांपूर्वी २१ हजार भरून इलेक्ट्रिक गाडी बुक केलीत, त्यातही एक टन वजन नेणारं आणि जास्त रेंजचं मॉडेल. शोरूमवाले दर वेळी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, सोडा आता तो नाद. काकू विचारतात, आपण नक्की कशासाठी थांबलोय? तुम्हाला माझ्याकडून एवढंच हवंय की थांबावं की पैसे परत घ्यावेत.

गाडीचं आणि शोरूमचं नाव मी इथे घेत नाही. उत्तर त्या नावावर अवलंबून नाही, आणि तुमच्यासारखे थांबलेले लोक इंदुरात बरेच आहेत.

देवास नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. ३१ वर्षं याच कामात गेली. आधी सगळा काळ डिझेलच्या छोट्या मालगाड्यांचा. गेली सहा वर्षं इलेक्ट्रिक तीनचाकी आणि चारचाकी मालगाड्याही सांभाळतो. सियागंजच्या काही व्यापाऱ्यांच्या गाड्या कायम माझ्याकडे असतात. त्यामुळे जे सांगतोय ते हात काळे करून शिकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय: "क्लच जरा स्लिप होतो, मागचे ब्रेकही कमी लागतात, पण नवी येणारच आहे म्हणून खर्च केला नाही." काका, मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात इथूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय ७२. तेही इलेक्ट्रिक गाडीसाठी ११ महिने थांबलेले. तेजाजीनगर चौकात समोर अचानक दुचाकी आडवी आली आणि यांनी ब्रेक दाबला तर पेडल खाली गेलं, गाडी थांबेना. दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबली. दुचाकीवाल्याचं नशीब आणि यांचंही. मागचं चाक काढून मी ब्रेकचा ड्रम ओढला. लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर, पार झिजून गेला होता आणि रिवेटच्या पितळी डोक्यांनी ड्रमला आतून गोल गोल चरे पाडले होते, अगदी ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. बोट फिरवलं तर चर बोटाला लागत होता. मी विचारलं, आवाज येत नव्हता का? म्हणाले, येत होता, सहा महिने येत होता, पण नवी येणारच होती ना. ते दोन्ही लायनर आणि तो ड्रम मी फेकून दिलेला नाही. गॅरेजमध्ये टांगून ठेवलाय. जो कोणी "नवी येणारच आहे" म्हणतो त्याला तो ड्रम दाखवतो.

म्हणून थांबायचं की नाही हे ठरवण्याआधीचं काम: जुनी गाडी अशी दुरुस्त करा की जणू नवी येणारच नाही. क्लच प्लेट, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, टायर. हा खर्च वाया जात नाही. ब्रेक-क्लच चांगला असलेल्या गाडीला विकताना भाव येतो, आणि समजा नाही आला तरी तुम्ही रोज त्या गाडीत बसताय. आणि नवी दारात येऊन पासिंग होईपर्यंत जुनी विकू नका. कोणी आज चांगला भाव देत असेल तरीही. पेरूचा हंगाम शोरूमसाठी थांबत नाही.

आता थांबण्याबद्दल. माझ्या गिऱ्हाइकांत ज्येष्ठ मंडळी जास्त काळ आणि जास्त शांतपणे थांबतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. त्याचं कारण मला माझ्या वडिलांमुळे कळलं. त्यांनी स्कूटर नोंदवली होती तो काळ तुम्हाला आठवत असेल. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि पुढे कित्येक वर्षं नंबर लागायला लोक वाट बघत, कोणाकोणाची तर दहा वर्षं गेली. टेलिफोनचं तसंच, गॅसचंही तसंच. त्या काळी नोंदणी म्हणजे रांगेतली जागा होती. ती जागा सोडणं म्हणजे शेवटी जाऊन उभं राहणं. नंबर लागला की लोक पेढे वाटायचे, आणि त्या नंबरावर वरचे पैसे द्यायला तयार असणारेही भेटायचे. त्यामुळे तुमच्या पिढीला थांबायची सवय आहे, आणि थांबून मिळालं की ते मोलाचं वाटतं.

पण आजचं बुकिंग तसं नाही, काका. आज तुम्ही भरलेले २१ हजार म्हणजे "मला ही गाडी घ्यायची इच्छा आहे" एवढीच नोंद. रांग आहे, पण ती तारखेप्रमाणे सरकत नाही. कंपनी कुठल्या गावाला किती गाड्या द्यायच्या ते ठरवते. शोरूमला महिन्याला ज्या काही गाड्या मिळतात त्यात आधी एकदम वीस-पंचवीस गाड्या घेणारा मोठा गिऱ्हाईक असतो, कारण त्याचा व्यवहार मोठा. एकच गाडी घेणारा, आणि तीही विशिष्ट मॉडेलची, विशिष्ट हौद्याची मागणारा, मागे पडतो. यात कोणी तुमच्याशी वैर धरलेलं नाही, व्यवहारच तसा चालतो. पण म्हणूनच १४ महिने थांबलात याचा अर्थ तुम्ही १४ महिने पुढे सरकलात असा होत नाही, आणि बुकिंग काढलंत तर ते १४ महिने "वाया" जातील असंही नाही. ते गेलेच आहेत. पुढचा निर्णय पुढच्या महिन्यांकडे बघून घ्यायचा.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत टेस्लाचा सायबरट्रक २१ नोव्हेंबर २०१९ ला दाखवला गेला. बुकिंग फक्त १०० डॉलरचं होतं, लोकांनी धडाधड नोंदवलं. पहिल्या गाड्या लोकांच्या हातात पडल्या त्या ३० नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे चार वर्षांनी. तोवर किंमत आणि रेंज दोन्ही बदलली होती. सगळ्यात वरचं मॉडेल २०१९ मध्ये ६९,९०० डॉलर आणि ५०० मैलांहून जास्त रेंज असं सांगितलं होतं; प्रत्यक्षात ते ९९,९९० डॉलर आणि ३२० मैल असं आलं. ज्याने ६८ व्या वर्षी नोंदवली त्याला ती ७२ व्या वर्षी मिळायची वेळ आली, तीही महाग आणि कमी पल्ल्याची. ती गाडी आपल्याकडे विकायला नाही आणि तिचा आपल्या पेरूंशी काही संबंध नाही. पण बुक केलेली गाडी आणि दारात येणारी गाडी एकच असेल हे कोणी धरून चालू नये, एवढं त्यातून दिसतं. तुमच्या बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असं असणार. काढून बघा.

उलट बाजूही सांगतो. सगळेच उशीर करतात असं नाही. टाटांची एस इव्ही ही इलेक्ट्रिक छोटी मालगाडी मे २०२२ मध्ये जाहीर झाली आणि जानेवारी २०२३ पासून गाड्या द्यायला सुरुवात झाली. आणि त्यानंतर पर्याय वाढलेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची झिओ आली, जून २०२५ मध्ये टाटांची एस प्रो आली, तिच्यात इलेक्ट्रिकही आहे आणि ती ७५० किलो नेते. तुम्ही बुक केलंत तेव्हाचा बाजार आणि आजचा बाजार वेगळा आहे. तुम्ही मात्र बुकिंगच्या दिवशीच्या बाजारातच अडकलाय.

म्हणून आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, पण जरा आडवाटेने. तुम्ही थांबलाय ते एक टन आणि जास्त रेंजच्या मॉडेलसाठी. ते तुम्हाला खरंच लागतं का?

तुम्हीच लिहिलंय, हंगामात दिवसाला २५ ते ३० क्रेट, एरवी आठ-दहा. पेरूचं भरलेलं क्रेट २० किलोच्या आसपास धरू. म्हणजे भर हंगामात ५०० ते ६०० किलो, तेही वर्षातून किती दिवस? दीड-दोन महिने. बाकी दिवस २०० किलो. एक टनाची गाडी घेऊन तुम्ही वर्षभर रिकामा हौदा हिंडवणार.

आता अंतर. सुदामानगरहून बाग, बागेतून मंडी, मंडीतून घर, सगळं मिळून ५५ किलोमीटरच्या आसपास. कंपनीचा प्रमाणपत्रावरचा आकडा १५० असेल तर माझ्या हाताखालच्या गाड्या माल भरून, शहरातली गर्दी, सिग्नल, उन्हाळा धरून ९० ते १०५ देतात. मी गिऱ्हाइकाला नेहमी छापील आकड्याचे ६० ते ६५ टक्केच सांगतो आणि मग तो नाराज होत नाही. आठ वर्षांनी बॅटरी २० टक्के उतरली असं धरलं तरी ७५ किलोमीटर उरतात, आणि तुम्हाला लागतात ५५. तेव्हा तुम्ही ७८ वर्षांचे असाल. त्याहून मोठ्या बॅटरीचे पैसे कशासाठी भरायचे?

हे वाचून तुम्हाला कदाचित वाईट वाटेल, पण माझं प्रामाणिक मत असं आहे की तुम्ही ज्या मॉडेलसाठी थांबलाय ते तुमच्या कामासाठी नाहीच. ते शोरूममध्ये पाहिलेल्या माहितीपत्रकासाठी आहे. मुलगा सांगतो म्हणून नाद सोडू नका; इलेक्ट्रिक घेण्याचा तुमचा विचार पक्का बरोबर आहे. रोजचा ठरलेला रस्ता, रात्री घरी उभी राहणारी गाडी, छापील आकड्याच्या अर्ध्याहून कमी फेरी, इलेक्ट्रिकसाठी यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. फक्त ती गाडी हीच असायला हवी असं नाही.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या इथून मला दिसत नाहीत. शेजारच्या बागांचा मालही तुम्ही नेत असाल आणि वजन खरंच ८००-९०० किलोवर जात असेल, तर वरचा सगळा हिशोब बदलतो. पुढच्या वर्षी झाडं वाढवणार असाल तरीही बदलतो. मंडीच्या पावत्यांची वही काढा आणि गेल्या वर्षीचे सगळ्यात जड दहा दिवस बघा. त्यातले सात दिवस ७०० किलोच्या आत असतील तर माझं म्हणणं कायम. आणि उरलेल्या तीन दिवसांसाठी भाड्याने गाडी मिळते.

दुसरी गोष्ट शरीराची. याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बुकिंग केलंत तेव्हा तुम्ही ६९ चे होतात. गाडी तुम्ही चालवणार ती ७१ ते ७८ या वयात. त्या वयाचे गुडघे, खांदे आणि डोळे धरून गाडी निवडायची. जुन्या गाडीत बसायची तुम्हाला सवय आहे म्हणून नव्यात बसता येईलच असं नाही. माझे एक जुने गिऱ्हाईक, वय ७४. गाडी आली, हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सीट चार बोटं उंच आहे आणि पाय ठेवायची पायरी नाही. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर वेळी दाराची चौकट धरून अंग वर ओढायचं. मी एक लोखंडी पायरी बसवून दिली, तेव्हा जमलं. पण मागचा फाळका राहिलाच. तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कडी काढायची, आणि खांदा वर जाईना. तो फाळका मधून कापून दोन भागांत केला, तेव्हा प्रश्न सुटला. दोन्ही कामं पाच-सहा तासांची, पण हे आधी शोरूमच्या आवारात, डेमो गाडीवर, दहा मिनिटांत कळलं असतं.

म्हणून कुठलीही गाडी ठरवण्याआधी डेमो गाडीपाशी जा. पाच वेळा चढा, पाच वेळा उतरा. फाळका स्वतः उघडा, स्वतः लावा. आरशातून मागचं दिसतं का बघा. मग चालवा, रिकामी नाही, दोन-तीनशे किलो भरून. इलेक्ट्रिकला पहिल्याच क्षणी जोर येतो, पाय जरा जास्त पडला की गाडी झपकन निघते. सुरुवातीचे पंधरा दिवस इको मोडवरच चालवा. आवाज नसल्याने मंडीतले हमाल मागे वळून बघत नाहीत, तिथे हॉर्न हवाच. काकूंनाही बरोबर न्या. बागेत त्या येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे शेजारच्या सीटवरून चढणं-उतरणं त्यांचंही आहे.

आता थांबायचं कुठवर, हे ठरवू. पुढच्या वेळी शोरूमला फोन कराल तेव्हा "गाडी कधी येईल?" हे विचारू नका. त्याला उत्तर "पुढच्या महिन्यात" एवढंच असतं. विचारा, "माझ्या नावावर चॅसी नंबर पडलाय का?" गाडी खरोखर तुमच्यासाठी निघाली असेल तर १७ आकडी-अक्षरी चॅसी नंबर असतो. तो नंबर नसेल तर गाडी नाही, बाकी सगळं बोलणं. नंबर नसेल तर लेखी मागा: ठरलेलं मॉडेल, ठरलेली किंमत, अंदाजे तारीख. मेल शोरूमला, प्रत कंपनीला. त्यांना ३० दिवस द्या. ३० दिवसांत नंबर नाही पडला तर रद्द करा आणि जी गाडी उभी आहे ती बघा. ही ३० दिवसांची मुदत दिनदर्शिकेवर काकूंच्या हाताने लिहून घ्या, म्हणजे पुढे ढकलली जाणार नाही.

पैसे परत मिळण्याबद्दल तुम्हाला धास्ती वाटते असं दिसलं. बुकिंगची पावती, फॉर्म आणि आजवरचे मेसेज एका जागी ठेवा. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी रद्द केलेल्याला काही पुरावा राहत नाही. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एक बारीक मुद्दा मात्र सांभाळा. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी माणूस "ग्राहक" ठरत नाही, पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतली असेल तर ठरतो. तुम्ही स्वतःच्या बागेचा माल स्वतः गाडी चालवून नेता, तेव्हा अर्जात तसंच लिहा. उगाच "ट्रान्सपोर्ट व्यवसाय" असा शब्द घालू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाडीची वाट बघणाऱ्या ज्येष्ठांना असे फोन येतात: "तुमची गाडी आली, आज उरलेली रक्कम भरली तर उद्या डिलिव्हरी, नाहीतर दुसऱ्याला जाईल." वर्षभर थांबलेल्या माणसाला हे ऐकून राहवत नाही. माझ्या ओळखीतल्या एकांनी असेच पैसे भरले आणि शोरूमला त्याची गंधवार्ताही नव्हती. चॅसी नंबर असलेलं बिल हातात आल्याशिवाय, आणि शोरूमच्या बिलावर छापलेल्या खात्याशिवाय, एक रुपयाही कुठे पाठवू नका. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरवर तर नाहीच. चुकून गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लायसन्सचं बघून घ्या. ५५ वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, आणि डॉक्टरचा दाखला लागतो. वाट बघता बघता लायसन्स संपल्याचं मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर छोट्या मालगाडीसाठी ते चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. बॅटरीवरच्या मालगाडीला परमिटही लागत नाही. नंबर प्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं.

थोडं कर्ज काढणार आहात असं लिहिलंय. बऱ्याच बँका आजचं वय बघत नाहीत, शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशीचं वय बघतात. त्यामुळे एक-दीड वर्ष थांबण्याने तुमची मुदत कमी होते आणि हप्ता वाढतो. मुलाला सहकर्जदार घ्यावं लागेल. त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा.

३० दिवस आहेत तर त्यात घराची वायरिंग करून घ्या. हे काम कुठलीही गाडी आली तरी लागणारच. मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की लाइन बंद करणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा सॉकेट. घराचा मंजूर भार कमी असेल तर वीज कंपनीत अर्ज करून वाढवून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. जुन्या घरांत ते नावापुरतंच असतं आणि गाडीचा चार्जर लगेच लाल दिवा दाखवतो. मग लोक गाडीला दोष देतात. इलेक्ट्रिशियनला अर्थचं माप काढून दाखवायला सांगा. बागेत पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायचा मोह टाळा. ते शेतीसाठी दिलेलं आहे, आणि तिथे वीज कधी असेल ते तुमच्या हातात नाही. तुमची गाडी रात्री घरी सात-आठ तास लावली की पुष्कळ झालं.

गाडी आली की, ही असो किंवा दुसरी, मुहूर्ताच्या दिवशी तपासू नका. पाडव्याला, दसऱ्याला शोरूममध्ये इतकी गर्दी असते की कोणी नीट बघू देत नाही, आणि आपलंही मन पूजेत असतं. दोन दिवस आधी, सकाळच्या उजेडात जा. प्लेटवरचा बनावटीचा महिना आणि वर्ष वाचा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. गाडी ८-१० महिने आवारात उन्हात उभी असेल तर ते इथे कळतं. अशी गाडी सरसकट नाकारायची असं नाही, पण मग तिथेच शंभर टक्के चार्ज करून दाखवायला सांगा, १२ व्होल्टची छोटी बॅटरी नवी मागा, आणि किमतीचंही बोला. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते हे कागदावर बघा. गाडीचं मोबाइल ॲप तुमच्या स्वतःच्या नंबरवर लावून घ्या. पुण्याच्या मुलाच्या नंबरवर लावलं तर सिमरोलला गाडी अडली की सूचना पुण्याला जाईल. मग दोन दिवसांनी खुशाल मुहूर्तावर हार घाला, काकूंच्या हातून औक्षण करून घ्या.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, काका: आणखी ३० दिवस, तेही चॅसी नंबर लेखी मागून. त्यात नाही आला तर बुकिंग काढा आणि ७००-७५० किलोची, हातात मिळणारी इलेक्ट्रिक गाडी घ्या. पुढच्या हंगामाच्या आधी ती तुमच्या दारात असायला हवी.

पण त्याआधी या आठवड्यात मागची दोन्ही चाकं उघडून घ्या, तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे किंवा माझ्याकडे, कुठेही. लायनर किती मिलिमीटर उरलाय आणि ड्रमला आतून चरे आहेत का, एवढं कळवा. तोवर मंडीच्या फेरीला १५ क्रेटच्या वर माल भरू नका, आणि तेजाजीनगरचा चौक यायच्या बऱ्याच आधीपासून गाडी दुसऱ्या गिअरवर आणा.